वस्तूचा धर्म व वापरणाऱ्याचें ऋण

एखादी वस्तु निरुपयोगी झाली असें आपण म्हणतों तेव्हां नेमकें काय झालेलें असतें? वस्तु मोडली, झिजली किंवा जळून गेली असेल, तर प्रश्न सोपा आहे. परंतु जी काल जितकी धडधाकट होती तितकीच आजहि आहे, जिच्या एका खिळ्यालाहि धक्का लागलेला नाहीं, अशा वस्तूलाहि आपण पुष्कळदां निरुपयोगी ठरवितों आणि भंगाराच्या ढिगाकडे लोटून देतों. अशा वेळीं निरुपयोगीपणा वस्तूंत शिरलेला नसतो. तो केवळ आपल्या निर्णयांत असतो. हा निर्णय देण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो न जुमानतां ती वस्तु उचलून दुसऱ्या कामास लावणाऱ्याच्या माथीं कोणतें कर्तव्य येतें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. जुनेरांची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांनीं तो आपल्या परीनें सोडविलेला होता. परंतु यंत्रांच्या बाबतींत त्याला जें नवें स्वरूप आलें आहे तें समजून घेण्यास एखादें आजचेंच उदाहरण घेतलें पाहिजे. तसें एक उदाहरण हौशी रेडिओवाल्यांच्या मेजावर सांपडतें.

बँकांचे हिशेब, रेल्वेचीं आरक्षणें, घरोघरचीं छायाचित्रें व पत्रें हीं आज ज्या संगणकांत सांठविलेलीं असतात, त्यांस सर्व्हर म्हणतात. असे शेंकडों, हजारों सर्व्हर थंड केलेल्या दालनांत, फडताळांतील पुस्तकांप्रमाणें ओळीनें रचलेले असतात व अहोरात्र चालतात. प्रत्येकाच्या पाठीमागें धातूची एक लांबट पेटी, आणि बहुधा तिच्या जोडीला तशीच दुसरी, खोंचलेली असते. हिला पॉवर सप्लाय म्हणतात. भिंतींतून येणारी २३० व्होल्टांची, क्षणोक्षणीं दिशा बदलणारी वीज घ्यावयाची आणि तिची १२ व्होल्टांची, एकाच दिशेनें वाहणारी वीज करून सर्व्हरला द्यावयाची, एवढेंच तिचें काम. पण तें काम ती असामान्य बळानें करते. या जातीची एक प्रसिद्ध पेटी १२०० वॅटांची आहे. म्हणजे १२ व्होल्टांवर सुमारें १०० अँपिअर इतका प्रवाह ती देऊं शकते, आणि तिचें वजन मात्र दोन किलोंच्याहि आंत असतें. सर्व्हर बदलला कीं त्याच्याबरोबर ही पेटीहि बाहेर पडते. कारण तिची बैठक त्याच घडणीच्या सर्व्हरला जुळणारी असते, दुसऱ्या बनावटीच्या यंत्रांत ती बसत नाहीं. मग जुन्या मालाच्या बाजारांत ती मूळ किंमतीच्या अल्पांशानें मिळूं लागते.

तेथें तिला गांठतो तो हौशी रेडिओवाला. जगभर ज्याला ‘हॅम’ म्हणून ओळखतात तो हा मनुष्य नुसता ऐकणारा नव्हे. परीक्षा देऊन, परवाना मिळवून, तो स्वतःच्या घरांतून संदेश पाठवितो आणि कधीं न पाहिलेल्या माणसांशीं लहरींच्या द्वारां बोलतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें त्यानें हें सर्व केवळ स्वतःच्या आवडीनें, द्रव्यलाभाची इच्छा न धरतां करावयाचें असतें. त्याच्या १०० वॅटांच्या प्रक्षेपकाला बोलण्याच्या वेळीं २० अँपिअरांच्या आसपास प्रवाह लागतो, आणि तो १३.८ व्होल्टांचा असावा अशी त्याची अपेक्षा असते. हा विचित्र आंकडा मोटारीच्या बॅटरीवरून आलेला आहे. तिच्या शिशाच्या सहा घरांपैकीं प्रत्येकावर भरतेवेळीं सुमारें २.३ व्होल्ट येतात. सहांचे मिळून १३.८ होतात. असा पुरवठा करणारीं तयार साधनें बाजारांत आहेत. परंतु चांगलीं घ्यावयाचीं तर तीं महाग पडतात, आणि जुन्या धर्तीचीं तर त्यांतील लोखंडी ट्रान्सफॉर्मरमुळें उचलतांना दम लागतो. मग भंगारांतील त्या बलवान् पेटीकडे त्याचें लक्ष गेलें तर नवल काय?

ती पेटी नुसती विजेला जोडून भागत नाहीं. तिला बटण नसतें. आपण सर्व्हरमध्यें नीट बसलों आहों अशी खूण कांहीं बारीक टोंकांवरून तिला मिळेपर्यंत ती मुख्य प्रवाह देत नाहीं. हौशी मनुष्य कागदपत्रें चाळतो, अनुभवी लोकांना विचारतो, आणि कित्येक नमुन्यांत योग्य त्या दोन टोंकांमध्यें एक चिमुकला रोधक बसवितो. तत्काळ पंखा घोंघावूं लागतो आणि पेटी जागी होते. आपण अद्यापि जुन्याच घरीं आहों, अशी जणूं तिची समजूत झालेली असते.

येथें पहिला आक्षेप उभा राहतो. वस्तूचा धर्म तिच्या कर्त्यानें ठरविलेला असतो. त्याहून वेगळ्या कामास तिला जुंपणें ही एक प्रकारची लबाडीच नव्हे काय? हा आक्षेप नवा नाहीं. अरिस्टॉटलनें आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथांत जोड्याचें उदाहरण घेतलें आहे. जोडा पायांत घालतां येतो आणि तो देऊन दुसरी वस्तूहि घेतां येते. दोन्ही उपयोग जोड्याचेच. पण पहिला त्याचा स्वतःचा आणि दुसरा तसा नव्हे, कारण जोडा देवघेवीसाठीं जन्माला आलेला नाहीं. या न्यायानें सर्व्हरची पेटी ही सर्व्हरचीच; रेडिओला ती जोडणें हा तिचा परका उपयोग झाला.

परंतु कर्त्याला आपल्या कृतीच्या सर्व शक्ति ठाऊक असतात, हें या आक्षेपांतील गृहीत खरें आहे काय? हौशी रेडिओचा इतिहासच याचें उत्तर देतो. १९१२ सालीं अमेरिकेंत झालेल्या कायद्यानें खाजगी केंद्रांना २०० मीटरांहून लांब लहरी वापरण्याची बंदी केली. दूरवर संदेश न्यावयाचा तर लांब लहरीच पाहिजेत, आंखूड लहरी कुचकामाच्या, अशी त्या काळच्या जाणत्यांची समजूत होती; म्हणून जें कोणालाच नको होतें तें हौशी मंडळींच्या पदरांत टाकण्यांत आलें. या मंडळींनीं १९१४ सालीं अमेरिकन रेडिओ रिले लीग ही आपली संस्था काढली होती. त्या संस्थेच्या वतीनें पॉल गॉडली हे गृहस्थ १९२१ च्या डिसेंबरांत स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रोसन येथें तंबू ठोकून बसले, आणि अटलांटिकपलीकडील हौशी केंद्रांचे संदेश त्यांनीं ऐकले. पुढें १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समधील नीस येथील लेऑं देलॉय आणि अमेरिकेंतील फ्रेड श्नेल व जॉन राइनार्ट्झ यांच्यामध्यें सुमारें १०० मीटरांच्या लहरींवर दुतर्फा संभाषण झालें. ज्या लहरी टाकाऊ म्हणून देऊन टाकल्या होत्या, त्यांच्यासाठीं मग सरकारें व कंपन्या यांची धांवपळ सुरू झाली. लहरींचा स्वभाव १९१२ सालींहि तोच होता. बदललें तें मनुष्याचें ज्ञान. ‘निरुपयोगी’ हा शब्द अनेकदां आपल्याच अज्ञानावर घातलेलें पांघरूण असतो.

कधीं तर तो अज्ञानाचाहि नसून केवळ हिशेबाचा शब्द असतो. यंत्राची किंमत किती वर्षांत वहींतून वजा करावयाची, हें कंपन्यांना ठरवावें लागतें. तेंच त्याचें उपयुक्त आयुष्य. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०२२ सालीं आपल्या सर्व्हरांचें हें आयुष्य ४ वर्षांवरून ६ वर्षांवर नेलें. गूगलची मातृसंस्था अल्फाबेट हिनें २०२३ सालीं तेंच केलें. उलट अमेझॉननें २०२५ च्या आरंभापासून आपल्या कांहीं सर्व्हरांचें आयुष्य ६ वर्षांवरून ५ वर्षांवर आणलें, आणि कृत्रिम बुद्धीच्या क्षेत्रांतील प्रगतीचा वेग हें त्याचें कारण सांगितलें. हे हिशेब खोटे होते असें आमचें म्हणणें नाहीं. व्यापाराला ते करावेच लागतात. परंतु ज्या दिवशीं हे ठराव झाले त्या दिवशीं दालनांतील एकाहि यंत्राची प्रकृति सुधारली नाहीं कीं बिघडली नाहीं. वहींतील आयुष्य वेगळें आणि वस्तूचें आयुष्य वेगळें. पहिलें संपल्यानें दुसरें संपत नाहीं, एवढें कळलें म्हणजे भंगारांतून पेटी उचलणारा हौशी मनुष्य लबाड ठरत नाहीं. उलट वस्तूची योग्यता ओळखणारा तोच एकटा ठरतो.

येथपर्यंत निवाडा त्याच्या बाजूचा झाला. परंतु याच ठिकाणीं एक सोपी चूक होण्याचा संभव आहे. कर्त्याचा हेतु बंधनकारक नाहीं, म्हणून आतां कांहींच बंधनकारक नाहीं, असें अनुमान पुष्कळजण काढतात. तें खोटें आहे. वस्तूला हेतु असतो तसा स्वभावहि असतो. हेतु बाहेरून दिलेला असतो. तो दिला तसा बदलतां येतो. स्वभाव मात्र तांब्याचा, लोखंडाचा, विजेचा असतो, आणि तो कोणाचीहि भीड धरीत नाहीं. जो हेतु बदलतो त्यानें स्वभाव अधिक काळजीनें पाहिला पाहिजे. कारण कर्त्यानें तो एका ठराविक कामापुरताच सुरक्षित करून ठेवलेला असतो.

आपल्याच उदाहरणांत हें कसें दिसतें पाहा. पेटी देते १२ व्होल्ट, आणि रेडिओ मागतो १३.८. पुष्कळ रेडिओ सांगितलेल्या आंकड्याहून शेंकडा १५ पर्यंत कमी दाब सोसतात, म्हणजे ११.७ पर्यंत त्यांचें चालतें. मग १२ व्होल्टांनीं अडतें कोठें? अडतें तें तारेंत. जाण्यायेण्याच्या तारेचा एकूण रोध ओहमचा अवघा विसावा भाग असला, तरी २० अँपिअरांच्या प्रवाहाला १ व्होल्ट वाटेंतच मोजावा लागतो, आणि रेडिओच्या पदरीं ११ च पडतात. आतां दोन मार्ग राहतात. एक म्हणजे तार जाड व आंखूड घ्यावी, आणि संदेशाचें बळ थोडें कमी ठेवावें. दुसरा म्हणजे पेटी उघडून तिचा दाब वाढवावा. दुसरा मार्ग मोहक आहे, आणि जाणत्यांनीं तो यशस्वीहि केला आहे. परंतु पेटीच्या आंत दाब वाढूं लागतांच सर्व बंद पाडणारा एक पहारेकरी बसविलेला असतो, आणि तिच्या बाहेर पडण्याच्या तोंडाशीं असलेल्या विद्युत्संग्राहकांवर बहुधा १६ व्होल्टांची मर्यादा छापलेली असते. पहारेकरी आड येतो म्हणून त्याला दूर करावें असा मोह होतो.

दाब वाढविणें हेंच मुळीं पाप आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. तो पहारेकरी कशाचें रक्षण करीत होता, हें जाणून ज्यानें त्याच्या जागीं दुसरी व्यवस्था केली, त्यानें स्वभावाचा मान राखला. परंतु आड येणारी प्रत्येक गोष्ट अनावश्यक आहे असें समजून ज्यानें तो पहारा उठविला, त्यानें सर्व्हर बदलणाऱ्या कंपनीचीच वृत्ति उचलली. तीहि वस्तु न पाहतां निर्णय देते, आणि हाहि वस्तु न पाहतांच निर्णय देतो. एकानें धडधाकट पेटीला निरुपयोगी ठरविलें. दुसऱ्यानें तिच्यांतील सावधगिरीला.

आणखी एक विचार आहे. सर्व्हरच्या दालनांत ही पेटी एकटी नव्हती. तेथें थंड हवा होती, योग्य भूसंधान होतें, प्रवाह कोठें जावयाचा याची बंदिस्त वाट होती, आणि बिघाड झाला तर पाहणारे शिकलेले लोक होते. घरच्या मेजावर येतांना ती हें सर्व मागें टाकून येते. तिच्या पोटांतील एका संग्राहकावर सुमारें ४०० व्होल्टांचा दाब असतो, आणि विजेची दोरी काढल्यावरहि तो कांहीं काळ टिकूं शकतो. बाहेर येणारे १२ व्होल्ट स्पर्शाला निरुपद्रवी. पण त्यांच्यामागें १०० अँपिअर उभे असतात. त्या दोन टोंकांवर पाना पडला किंवा बोटांतील आंगठी टेकली, तर धातु क्षणांत लाल होईल. म्हणून शहाणा मनुष्य प्रथम प्रवाहाच्या उगमापाशींच योग्य त्या मापाचा फ्यूज घालतो, उघडीं टोंकें झांकतो, आणि मगच रेडिओ जोडतो. यांतील नैतिक अर्थ सरळ आहे. पूर्वी अनेकांत वांटलेली जबाबदारी आतां एकाच्या अंगावर आली. वस्तु फुकट मिळाली तरी तिचें दायित्व फुकटांत सुटत नाहीं. उलट किंमत जितकी कमी मोजावी तितकी काळजी अधिक मोजावी लागते. घरांत लहान मुलें असतील, तर या हिशेबांत त्यांचा वांटा सर्वांत मोठा.

हें ऋण उंबरठ्याच्या आंतच संपत नाहीं. असल्या पेट्या सेकंदास हजारों वेळां प्रवाह जोडून तोडून आपलें काम करतात. त्यांतील कांहींतून त्या खटपटीचा खरखराट तारांवाटे बाहेर सुटतो आणि आंखूड लहरींवर पसरतो. स्वतःच्या प्रबळ संदेशाच्या भरांत मालकाला तो जाणवणारहि नाहीं. पण शेजारचा दुसरा हौशी मनुष्य दूर देशाचा क्षीण आवाज टिपण्यास कान लावून बसलेला असेल, तर त्याच्या कानांवर एवढी खरखरच येईल. बोलण्याच्या साधनानें दुसऱ्याचें ऐकणें बंद पाडावें, यापरती विसंगति कोणती? फेराइटचीं कडीं तारेवर घालणें, गाळणी बसविणें, पुन्हां पुन्हां ऐकून पाहणें हे उपाय आहेत. त्यांना वेळ लागतो, आणि त्याबद्दल शाबासकी कोणीच देत नाहीं. काटकसर आपल्या खिशासाठीं असते; ती शेजाऱ्याच्या खर्चानें होऊं नये, एवढें पाहणें हा तिचा धर्म आहे.

तिसरें ऋण पुढच्या माणसाचें. दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपल्यावर अमेरिकेंत लष्करी रेडिओ-साहित्य मोठ्या प्रमाणावर स्वस्तांत विकण्यांत आलें. बी. सी. ३४८ सारखे विमानांतील ग्राहक २८ व्होल्टांवर चालणारे होते. हौशी लोकांनीं ते घरच्या विजेवर आणले आणि संहारासाठीं घडलेलीं तीं यंत्रें अनोळखी माणसांच्या कुशल-वार्तांत रमलीं. हीं यंत्रें हातोहात फिरत राहिलीं, आणि आंत काय बदललें आहे हें कळल्याशिवाय पुढच्याला तीं सुखानें वापरतां येत नसत. सर्व्हरच्या पेटीचेंहि तसेंच आहे. तिच्यावरील कारखान्याची पट्टी अजून १२ व्होल्ट म्हणते, आणि आंत मात्र कोणी १३.८ केलेले असतात. अशी पेटी कांहीं न लिहितां दुसऱ्याच्या हातीं देणें म्हणजे खोटें न बोलतां फसविणें होय. काय बदललें, कोणता पहारा उठविला, त्याच्या जागीं काय बसविलें, हें चार ओळींत लिहून वर चिकटविण्यास कितीसें श्रम पडतात? ज्यानें कर्त्याचा हेतु बाजूस सारला तो स्वतःच अर्धा कर्ता झाला. मग कर्त्यानें द्यावयाची माहितीहि त्यानेंच दिली पाहिजे.

आतां शेवटचा व सर्वांत अवघड आक्षेप. या सर्व खटाटोपानें साधतें काय? २०२२ या एका वर्षांत जगांत ६ कोटि २० लाख टन विद्युत्-साहित्याचा कचरा झाला, आणि त्यांतील अवघा शेंकडा २२.३ भाग रीतसर गोळा होऊन पुन्हां उपयोगांत आणला गेल्याची नोंद आहे. आपल्या देशांतहि या कचऱ्याविषयींचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, आणि उत्पादकावर त्याची जबाबदारी टाकण्यांत आली. या डोंगरापुढें दोन किलोंची एक पेटी वांचविणें म्हणजे समुद्रांतून ओंजळभर पाणी काढणें. शिवाय हौशी माणसाची काटकसर कंपन्यांच्या उधळपट्टीवरच उभी आहे. त्यांनीं टाकलें नाहीं तर हा उचलणार काय?

हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उडवाउडवीचें उत्तर देणें शोभणार नाहीं. एक पेटी उचलून पृथ्वीचा भार हलका केला अशी ज्याची समजूत असेल, त्यानें ती सोडून द्यावी. या कृतीचें मोल वजनांत नाहीं. आपल्या मीमांसकांनीं यज्ञांतील वस्तूंचा विचार करतांना ‘प्रतिपत्ति’ नांवाचें एक कर्म मानलें आहे. दीक्षित यजमान अंग खाजविण्यास काळविटाचें शिंग वापरतो. तें काम संपल्यावर शिंग कोठेंहि भिरकावून द्यावयाचें नसतें, तर चात्वाल नांवाच्या खड्ड्यांत विधीनें टाकावयाचें असतें. त्या टाकण्यानें नवें कांहीं साधावयाचें नसतें. काम केलेल्या वस्तूची योग्य ती वासलात, इतकाच त्याचा अर्थ. खाजविण्याच्या शिंगासंबंधींसुद्धां ज्या विचारांत इतका विवेक होता, त्या विचाराचे वारस आपण. आणि १०० अँपिअरांची निकोप शक्ति आपण डोळे मिटून ढिगावर फेंकतों. वस्तूचें काम संपलें आहे कीं नाहीं हें पाहणें, आणि संपलें असल्यास तिला योग्य जागीं पोंचविणें, हीं दोन्ही कर्तव्यें एकाच दृष्टीचीं अंगें आहेत. म्हणून जळलेली पेटी अडगळींत वर्षानुवर्षें न ठेवतां अधिकृत संकलकाकडे देणें, हेंहि चालू पेटीला दुसरें जीवन देण्याइतकेंच सत्कृत्य समजलें पाहिजे.

हौशी माणसाच्या उद्योगाचें खरें फळ त्या पेटीपेक्षां त्याच्या स्वतःमध्यें अधिक दिसतें. ज्या समाजांत यंत्राचें झांकण कोणीच उघडीत नाहीं, त्याला वहींतील आयुष्य आणि वस्तूचें आयुष्य यांतला फरक सांगणारा कोणी उरत नाहीं. मग जें टाका म्हणून सांगितलें तें टाकणें आणि जें घ्या म्हणून सांगितलें तें घेणें एवढेंच त्याच्या हातीं राहतें. कोठें तरी कांहीं माणसें संध्याकाळच्या फावल्या वेळांत झांकण उघडून बसतात, आंत कोणता पहारा कशासाठीं आहे हें समजून घेतात, तार जाड करतात, फ्यूज घालतात, शेजाऱ्याला खरखर ऐकूं येते काय म्हणून विचारतात, आणि केलेला फरक पेटीवर लिहून ठेवतात. कचऱ्याचा डोंगर त्यांच्यानें हलणार नाहीं. परंतु तो कमी करण्याचा विचार ज्या दिवशीं आपण मनापासून करूं, त्या दिवशीं कोणती वस्तु खरोखर संपली आहे आणि कोणती नाहीं हें आपणांस याच माणसांना विचारावें लागेल.